विमान कंपनीचे, जोखीम जनतेची

आमच्या वकिलीच्या व्यवसायात बांधाचे भांडण हा कायमचाच प्रकार आहे. दोन शेजारी हातभर जमिनीसाठी कोर्टात येतात. समोरच्याने अतिक्रमण केले, असे दोघेही शपथेवर सांगतात. पंधरा-वीस वर्षे तारखा पडतात आणि शेवटी सरकारी मोजणी होते तेव्हा असे निघते की, दोघांनीही आपापल्या बाजूने मधली पांदण नांगरून शेतात घातलेली आहे. पांदण गावाची होती. गाव मात्र या खटल्यात पक्षकारच नव्हते!

अगदी असाच एक खटला जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेपुढे जवळपास १७ वर्षे चालला. एका बाजूला अमेरिकेची बोइंग, दुसऱ्या बाजूला युरोपची एअरबस. कागदावर पक्षकार म्हणून सरकारांची नावे होती, कारण त्या न्यायासनापुढे कंपनीला उभे राहता येत नाही. पण भांडण या दोन कंपन्यांचेच. ६ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकेने तक्रार दाखल केली की, युरोपातील सरकारे एअरबसला नवी विमाने बनवण्यासाठी स्वस्त पैसा पुरवतात. युरोपीय संघाने लगोलग उलट तक्रार ठोकली की, अमेरिका बोइंगला संशोधनाच्या आणि करमाफीच्या नावाखाली तेच करते. अपिली मंडळाने २०११ मध्ये एकाला आणि २०१२ मध्ये दुसऱ्याला दोषी ठरवले. दोघांच्याही नांगराखाली पांदणच गेली होती.

हा विषय आज काढण्याचे कारण सांगतो. मागे एका अभ्यासवर्गात खाउजा धोरणावर आम्ही बोलत असताना अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका तरुणाने आम्हाला अडवले. तो म्हणाला, “सर, सरकारने धंदा करूच नये. बोइंग बघा, एअरबस बघा. स्पर्धा आहे म्हणून एवढी विमाने बनली. आपल्या सरकारला एक एअर इंडिया चालवता आली नाही.” वर्गातील बऱ्याच माना डोलल्या. त्या तरुणाचा यात काही दोष नाही. गेली पस्तीस वर्षे हाच ढोल त्याच्या कानाशी बडवला जात आहे. याच युक्तिवादावर जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया विकली गेली आणि तिच्याबरोबर त्या कंपनीतील आपल्या मुलामुलींचे आरक्षणही गेले. म्हणून बोइंग आणि एअरबस खरोखर कशा उभ्या राहिल्या, नवे विमान बनवायला पैसा कोण घालते आणि विमान आपटले तर तो पैसा कोणाचा बुडतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

आधी या धंद्याचे गणित पाहू. नवे प्रवासी विमान कागदावरून आकाशात जायला सात-आठ वर्षे सहज लागतात. एवढ्या काळात अब्जावधी डॉलर कारखाने, साचे, चाचण्या, अभियंत्यांचे पगार यांत ओतावे लागतात आणि विक्रीचा बहुतांश पैसा येतो तो विमान हवाली केल्यावरच. मागणी नोंदवताना विमान कंपन्या थोडी उचल देतात, पण तिच्यावर हा डोलारा उभा राहत नाही. पुन्हा सुरुवातीची विमाने तोट्यातच बनतात, कारण कामगारांचा हात बसायचा असतो. काहीशे विमाने विकली गेली तर कोठे खर्च भरून निघतो. म्हणजे आज घातलेला पैसा पंधरा वर्षांनी परत येणार, आणि तोही आला तर! कोणती बँक अशा कामासाठी साध्या व्याजाने कर्ज देईल?

बोइंगने १९६६ मध्ये ७४७ हे अवाढव्य विमान हाती घेतले तेव्हा पॅन अ‍ॅम कंपनीने २५ विमानांची सुमारे साडेबावन्न कोटी डॉलरची मागणी नोंदवली होती. तरी बोइंग कर्जात इतकी बुडाली की, सिअ‍ॅटल परिसरातील तिची नोकरसंख्या एक लाखावरून १९७१ मध्ये चाळीस हजारांच्या खाली आली. शेवटी शहर सोडून जाणाऱ्याने दिवे मालवून जावे, असा फलक कोणीतरी गंमतीने रस्त्यावर लावला होता. त्याच १९७१ साली आपल्या सरकारी एअर इंडियाचे पहिले ७४७ मुंबईत उतरले. त्याचे नाव होते ‘सम्राट अशोक’. बोइंग मरणपंथाला लागली असताना तिची विमाने घेणाऱ्या गिऱ्हाइकांत अशा सरकारी कंपन्या किती होत्या, हे त्या तरुणाला कोणी शिकवलेले नसते.

बोइंगचे भक्त सांगतात की, तिने पहिले जेट प्रवासी विमान स्वतःच्या खिशातून बनवले. ही गोष्ट अर्धी खरी आहे. १९५४ मध्ये उडालेल्या ‘डॅश ८०’ या नमुना विमानावर कंपनीने स्वतःचे सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर घातले, हे खरे. पण त्या काळात तिरप्या पंखांचे मोठे जेट बनवण्याची विद्या बोइंगला आली कोठून? अमेरिकन हवाई दलासाठी बी-४७ आणि बी-५२ ही बॉम्बफेकी विमाने बनवता बनवता आली, म्हणजे करदात्यांच्या पैशातून आली. आणि नमुना उडाल्यावर पहिले मोठे गिऱ्हाईक कोण धावून आले? तेच हवाई दल! हवेत इंधन भरणारी केसी-१३५ जातीची सातशेहून अधिक विमाने त्याने पुढे घेतली. प्रवासी ७०७ बांधताना सरकारी मालकीची अवजारे आणि साचे वापरायची परवानगीही दिली. एकाच छपराखाली एका रांगेत लष्करी विमान, दुसऱ्या रांगेत प्रवासी विमान. यापैकी कोणता खर्च कोणत्या खात्यात पडला, याचा हिशेब मांडायला चित्रगुप्तच बसवावा लागेल.

आवाजापेक्षा वेगाने जाणारे प्रवासी विमान बनवण्याची टूम निघाली, तेव्हा तर अमेरिकन सरकारनेच बहुतांश खर्च उचलला होता. १९७१ मध्ये तिथल्या संसदेने पैसा तोडला आणि बोइंगने काम बंद केले. नासा ही संस्था चंद्रावर माणूस पाठवते एवढेच आपल्याला माहीत असते. पंखांचे आकार, हलके पदार्थ, इंजिनांचा आवाज यांवर ती करत असलेल्या संशोधनाचा फायदा बोइंगला अनुदानासारखा मिळाला, हे जागतिक व्यापार संघटनेच्या निवाड्यात नमूद आहे. २०११ च्या त्या अहवालात १९८९ ते २००६ या काळात बोइंगला किमान ५.३ अब्ज डॉलरचे अनुदान मिळाल्याचा निष्कर्ष आहे.

आता एअरबस. १९७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने मिळून ती उभी केली, पुढे स्पेन आला, १९७९ मध्ये ब्रिटन आला. अमेरिकन कंपन्यांनी जगाची बाजारपेठ व्यापलेली होती आणि एकेकट्या युरोपीय देशाच्या बसची ही गोष्ट नव्हती. पहिले ए३०० विमान १९७४ मध्ये सेवेत आले, पण गिऱ्हाईक मिळेना. शेवटी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या ईस्टर्न एअर लाइन्सला चार विमाने सहा महिने जवळजवळ फुकट वापरायला दिली, तेव्हा पुढच्या वर्षी तिने २३ विमाने घेतली आणि एअरबसला अमेरिकेचे दार उघडले. खाजगी धंद्यात असा दम कोणाला धरता आला असता? मागे चार देशांचे खजिने होते म्हणून दम धरता आला.

हा पैसा देण्याची एअरबसची रीत वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. सरकार नव्या विमानाच्या खर्चाचा काही हिस्सा कंपनीला देते. तो परत करायचा असतो, पण ठरावीक हप्त्याने नव्हे. विमान विकले गेले की प्रत्येक विमानामागे ठरलेली रक्कम सरकारजमा होते. विमान विकलेच गेले नाही तर परतफेडही नाही. आपल्याकडच्या बटईच्या शेतीशी याचे नाते आहे: पिकले तर वाटा, न पिकले तर दोघांच्याही हातात धसकटे. आणि मूळ रक्कम फिटल्यावरही विक्री चालू राहिली तर सरकारला रॉयल्टी मिळत राहावी, अशी कलमे अशा करारांत असतात.

ब्रिटिश सरकारने १९८४ मध्ये ए३२० विमानासाठी २५ कोटी पौंड दिले. बाजारनिष्ठांची राणी मार्गारेट थॅचर तेव्हा पंतप्रधान होती, हे विसरू नका! खाणी, टेलिफोन, गॅस यांतून सरकारचे अंग काढून घेणाऱ्या बाईने विमानासाठी मात्र खजिना उघडला. ए३२० कुटुंबाची दहा हजारांहून अधिक विमाने आजवर विकली गेली. ब्रिटिश सरकारचे मुद्दल फिटले आणि वर रॉयल्टी येत राहिली. आपण ज्या इंडिगोने नागपूरहून मुंबईला जातो, तिचे विमानही बहुधा याच कुटुंबातले असते.

ए३८० या दुमजली विमानाचे मात्र उलटे झाले. डिसेंबर २००० मध्ये ते हाती घेतले. ब्रिटनने ५३ कोटी पौंड देऊ केले, जर्मनी, फ्रान्स आणि स्पेन यांनीही पैसा घातला. हँबुर्गच्या आणि तुलूझच्या अभियंत्यांनी एकाच आराखडा-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्यामुळे शेकडो किलोमीटर लांबीच्या वायरी विमानात बसेनात आणि दोन वर्षे गेली. शेवटी २०२१ मध्ये उत्पादन बंद झाले तेव्हा फक्त २५१ विमाने दिली गेली होती. विमान विकले नाही म्हणून सरकारांची मोठी रक्कम अडकून पडली. करारातच तसे होते. कंपनी मात्र ए३२० च्या जोरावर तगडीच राहिली.

जागतिक व्यापार संघटनेने नेमके काय दोषी ठरवले, हेही पाहावे. सरकारने पैसा दिला हा गुन्हा ठरला नाही. बाजारात अशा जोखमीला जे व्याज पडले असते त्यापेक्षा कमी व्याजाने दिला आणि त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची विक्री बुडाली, हा दोष ठरला. १९९२ मध्ये दोन्ही बाजूंनी आपसांत एक करार केला होता. खर्चाच्या ३३ टक्क्यांपर्यंत सरकारी पैसा चालेल, तो १७ वर्षांत परत व्हावा, आणि लष्करी व अवकाश संशोधनातून मिळणाऱ्या आडवळणाच्या मदतीलाही मर्यादा असावी. म्हणजे दोघांनी मिळून पांदण वाटून घेतली होती! २००४ मध्ये अमेरिकेने हा करार मोडला, कारण तोवर एअरबस विक्रीत बोइंगच्या पुढे गेली होती.

आणि याच सुमारास बोइंगने काय केले? ७८७ हे नवे विमान कोठे जुळवायचे, याचा तिने अमेरिकेतील राज्यांपुढे जणू लिलावच मांडला. वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये खास कायदा करून वीस वर्षांत सुमारे ३.२ अब्ज डॉलरची करसवलत दिली. पुढे २०१३ मध्ये ७७७एक्स विमानासाठी हाच प्रयोग झाला आणि सवलत २०४० पर्यंत वाढवली, जिची अंदाजित किंमत ८.७ अब्ज डॉलर होती. अमेरिकेच्या कोणत्याही राज्याने एका उद्योगाला दिलेली ती तोवरची सर्वांत मोठी सवलत होती. विमानाची जुळणी राज्यातच व्हावी, अशी अट कायद्यात होती. किती कामगार ठेवायचे याचा आकडा मात्र त्यात नव्हता. पुढच्या चार वर्षांत त्या राज्यातील बोइंगच्या नोकऱ्या दहा हजारांहून अधिक घटल्या. ७८७ ची दुसरी जुळणी साखळी २००९ मध्येच साउथ कॅरोलिनाला, जिथे कामगार संघटना दुबळ्या तिथे नेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये तर सगळीच ७८७ तिकडे हलवण्याचे जाहीर झाले.

करसवलत पुरली नाही म्हणून कामगारांच्या मानेवरही सुरी ठेवली गेली. निवृत्तिवेतन सोडा, नाहीतर ७७७एक्स दुसऱ्या राज्यात नेतो! नोव्हेंबर २०१३ मध्ये यंत्रकामगारांनी हा प्रस्ताव दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला. ३ जानेवारी २०१४ रोजी पुन्हा मतदान घेतले गेले आणि ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांनी तो मंजूर झाला. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले तेव्हा त्यांची एक ठळक मागणी तेच निवृत्तिवेतन परत मिळावे ही होती. ५३ दिवस संप चालला. पगारवाढ मिळाली, निवृत्तिवेतन मिळाले नाही.

इथे आमचे मत आम्ही स्पष्टच सांगतो, कोणाला आवडो न आवडो. या दोन रीतींत एअरबसची रीत अधिक प्रामाणिक आहे. कर्ज घेणारा निदान वसुलीच्या कागदावर सही करतो. किती घेतले, कधी फेडायचे, नफ्यात सरकारचा वाटा किती, हे कोठेतरी लिहिलेले असते आणि संसदेत विचारता येते. करमाफी घेणारा काहीच लिहून देत नाही. त्याला मिळालेला पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात ‘दिला’ म्हणून दिसत नाही, तो फक्त शाळा-दवाखान्यांच्या खात्यात ‘आला नाही’ म्हणून दिसतो. आपल्याकडे दुष्काळात दहा-वीस हजारांचे पीककर्ज माफ करायचे म्हटले की वर्तमानपत्रांतले अर्थतज्ज्ञ शिस्तीवर अग्रलेख लिहितात. उद्योगांच्या करसवलतीला ‘प्रोत्साहन’ असे गोंडस नाव मिळते.

७८७ ची गोष्ट आणखी बोधप्रद आहे, कारण तिचा एक धागा थेट नागपूरला येतो. हे विमान बनवताना बोइंगने ठरवले की, जोखीम आपण एकट्याने का घ्यावी? पंखांसह सुमारे ३५ टक्के विमान जपानी कंपन्यांनी बनवायचे, धडाचे भाग इटलीत आणि साउथ कॅरोलिनात, आणि त्या सर्वांनी आपापल्या भागाचा विकासखर्च आपणच घालायचा. जपानी कंपन्यांच्या मागे जपान सरकारची मदत उभी होतीच. म्हणजे बोइंगने करदाताही परदेशातला शोधला! परिणाम काय झाला? ८ जुलै २००७ रोजी मोठा समारंभ करून जे विमान लोकांना दाखवले ते आतून पोकळ होते, कितीतरी बोल्ट तात्पुरते होते. पहिले उड्डाण डिसेंबर २००९ मध्ये, पहिले विमान हवाली सप्टेंबर २०११ मध्ये, तीन वर्षांहून अधिक उशिरा. साउथ कॅरोलिनातील पुरवठादाराचा कारखाना २००९ मध्ये बोइंगला स्वतःच विकत घ्यावा लागला. प्रत्येक विमानामागे आलेला जादा खर्च ‘पुढच्या विमानांतून भरून निघेल’ म्हणून हिशेबात पुढे ढकलत नेला, तो साचून २८ अब्ज डॉलरच्या वर गेला. तिकडच्या हिशेबशास्त्राला हे चालते. आमच्या एखाद्या बचत गटाच्या बायांनी असे केले असते तर बँकेच्या शाखाधिकाऱ्याने त्यांना दारात उभे केले नसते.

एअर इंडियाने जानेवारी २००६ मध्ये बोइंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली, त्यांत २७ विमाने ही ७८७ होती. त्या व्यवहारातील वचन म्हणून बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये विमान देखभाल-दुरुस्तीचे केंद्र बांधले, ते २०१५ मध्ये सुरू झाले. मिहानमध्येच टाटांच्या कारखान्यात ७८७ च्या फरशीखालच्या तुळया बनतात. शिवणगाव-खापरीकडच्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी मिहानसाठी गेल्या, त्यांच्या मोबदल्याच्या फायली आम्ही जवळून पाहिल्या आहेत. विमानाच्या किमतीत जमिनीचाही वाटा असतो. तो कोणत्याच कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही.

ती विमाने विकत घ्यायला पैसा कोठून आला, हेही त्या अभ्यासवर्गातल्या तरुणाने ऐकावे. अमेरिकन सरकारच्या एक्झिम बँकेने एअर इंडियाच्या कर्जाला हमी दिली. ही हमी ३.४ अब्ज डॉलरची होती आणि तिच्याविरुद्ध डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीनेच २०११ मध्ये तिथल्या कोर्टात दावा लावला. स्पर्धकाला स्वस्त कर्ज देता आणि आम्हाला महाग पडते, अशी तिची तक्रार होती. वॉशिंग्टनमध्ये लोक या बँकेला ‘बोइंगची बँक’ म्हणूनच हिणवत. म्हणजे बनवताना सरकार, विकताना सरकार, आणि विकत घेणारेही सरकार. मधल्यामध्ये नफा तेवढा खाजगी!

तो नफा गेला कोठे? डिसेंबर २०१० मध्ये एअरबसने ए३२० ला नवी इंजिने लावण्याचे जाहीर केले. जुलै २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्ससारख्या बोइंगच्या जुन्या गिऱ्हाइकानेही २६० एअरबस मागवल्या, तेव्हा बोइंगने नवे विमान बनवण्याचा विचार सोडून १९६० च्या दशकातल्या ७३७ च्याच सांगाड्याला मोठी इंजिने जोडली. नवे विमान म्हणजे दहा वर्षे आणि अब्जावधी डॉलर, जुन्याला ठिगळ म्हणजे निम्म्याहून कमी. मोठ्या इंजिनांमुळे विमानाचा तोल बदलला, तो सावरायला एक आज्ञाप्रणाली घातली आणि वैमानिकांना तिची माहितीसुद्धा दिली नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे विमान समुद्रात कोसळले, त्याचा कॅप्टन भारतीय होता. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे पडले. दोन्ही मिळून ३४६ माणसे गेली. २०१३ ते २०१९ या काळात याच कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर उडवले होते. नवे विमान बनवायला पैसा नव्हता, असे कोणी म्हणू नये. पैसा होता, तो भागधारकांच्या दारात ओतला. आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाने धंदा बसला तेव्हा हीच बोइंग विमान उद्योगासाठी ६० अब्ज डॉलरची सरकारी मदत मागायला पुढे होती.

तिसऱ्या कोणी या खेळात उतरायचे ठरवले तर काय होते, ते कॅनडाच्या बंबार्डिएरला विचारावे. सी-सीरीज हे तिचे छोटे विमान चांगले होते, पण कंपनीचा दम संपला. २०१५ मध्ये क्युबेक प्रांताच्या सरकारने एक अब्ज डॉलर घालून त्या प्रकल्पात ४९.५ टक्के हिस्सा घेतला. डेल्टाने ७५ विमाने मागवल्याबरोबर बोइंगने २०१७ मध्ये तक्रार केली की, हे सरकारी अनुदानाचे पाप आहे! अमेरिकन वाणिज्य खात्याने जवळपास ३०० टक्के जकात सुचवली. सौ चूहे खाऊन मांजर हजला निघाली, ती अशी. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने चार विरुद्ध शून्य मतांनी बोइंगची तक्रार फेटाळली, पण तोवर घाबरलेल्या बंबार्डिएरने प्रकल्पातील ५०.०१ टक्के हिस्सा एअरबसला रोख एक डॉलरही न घेता देऊन टाकला होता. तेच विमान आज एअरबस ए२२० म्हणून विकले जाते. क्युबेकच्या जनतेने शेत नांगरले, पेरले, राखले आणि खळ्यावर माप घेऊन एअरबस उभी राहिली.

जिनिव्हाच्या खटल्याचा शेवटही सांगून टाकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेला युरोपच्या मालावर दरसाल सुमारे साडेसात अब्ज डॉलरपर्यंत जादा जकात लावण्याची परवानगी मिळाली. वर्षभराने युरोपला सुमारे चार अब्जांची मिळाली. विमानांवर थोडी जकात लागलीच, पण जबर फटका बसला तो इटलीच्या चीजला, स्पेनच्या ऑलिव्हला, स्कॉटलंडच्या व्हिस्कीला, आणि उलट बाजूने अमेरिकेच्या रताळ्यांना, तंबाखूला, ट्रॅक्टरला. ज्यांनी आयुष्यात विमानाचा खिळाही बनवला नाही त्यांनी दंड भरला! जून २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी पाच वर्षांचा तह केला आणि जकाती थांबवल्या. चीज बनवणाऱ्यांना कोणी भरपाईचे विचारले नाही.

आमच्या तरुण मित्राला आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले की, सरकार धंद्यात असते की नसते हा प्रश्नच नाही, ते सगळीकडे असतेच. मालक म्हणून असते की हमाल म्हणून, एवढाच फरक. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे घटनेतच लिहावे, असे मांडले ते याच अनुभवातून. एअर इंडिया विकताना काय झाले? टाटांनी १८ हजार कोटींची बोली लावली, त्यांपैकी रोख फक्त २,७०० कोटी, बाकीचे कर्ज अंगावर घेतले. आणि उरलेले ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारने एका वेगळ्या सरकारी कंपनीच्या नावावर ठेवून घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच एअर इंडियाने ४७० नवी विमाने मागवली, २५० एअरबसची आणि २२० बोइंगची. विमाने टाटांची, जुने कर्ज तुमचे-आमचे!

आता भारतही प्रवासी जेट बनवण्याच्या गोष्टी करू लागला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान एरोनॉटिक्सने एसजे-१०० हे विमान भारतात बनवण्याबाबत रशियन कंपनीशी मॉस्कोत सामंजस्य करार केला. आम्ही त्याला विरोध करत नाही. विमान बनावे, ओझर-बंगळूरच्या कामगारांना काम मिळावे, आणि सार्वजनिक क्षेत्र आहे तोवर त्यात आरक्षणही लागू राहावे. पण वर सांगितलेले सगळे कागद वाचून झाल्यावर वकिलाला स्वस्थ बसवत नाही. माहितीच्या अधिकाराखालचा एक अर्ज आम्ही तयार केला आहे, दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह तो या आठवड्यात जाईल. त्यात चार प्रश्न आहेत: या विमानासाठी जनतेचा किती पैसा लागणार, विक्री झाली तर प्रत्येक विमानामागे सरकारजमा काय होणार, विक्री झाली नाही तर तोटा कोणाच्या नावावर पडणार, आणि पुढे हा प्रकल्प खाजगी कंपनीला देण्याचे ठरले तर संसदेला विचारले जाणार की नाही. उत्तर तीस दिवसांत येणे बंधनकारक आहे. आले की याच स्तंभात छापू, आणि नाही आले तर अपिलाची तारीख कळवू.